गव्हर्नरची बंदूक, राष्ट्राध्यक्षांची गोळी

बंदुका रिकाम्या आहेत हे टॉलिव्हरमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? गार्डमधली, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेतली माणसं काही आभाळातून पडली नव्हती. पेट्रोलपंपावरचा, पोस्टातला, बँकेतला, असे आमचेच लोक दिवसभर खाकी घालून हायस्कूलच्या फाटकावर उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जेवता जेवता सगळं सांगायचे. गव्हर्नरसाहेबांनी बंदुका दिल्या होत्या, गोळ्या दिल्या नव्हत्या. गरजच नव्हती. ज्या शत्रूसाठी हा फौजफाटा उभा केला होता तो शत्रू म्हणजे सोळा वर्षांची एक काळी मुलगी, व्हर्लीन गेदर. बूट शिवणाऱ्या गेदरची थोरली. न्यायालयाने सांगितलं होतं की तिला गोऱ्यांच्या शाळेत घ्या, आणि गव्हर्नर म्हणाले होते की गावात शांतता राहिली पाहिजे. या शांततेचा अर्थ काय, तो फाटकावरच्या प्रत्येकाला न सांगता कळला होता.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा सप्टेंबर चालू होता, अमेरिकेच्या दक्षिणेतला. व्हर्लीन रोज सकाळी पुस्तकं छातीशी धरून यायची आणि तिला ‘परत जा’ म्हणायचं काम सार्जंट हॉलिस स्टँडिफरच्या वाट्याला आलं होतं. हॉलिस एरवी पेठेतल्या किराणा दुकानात मागच्या बाजूला मांस कापायचा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये दोन बेटांवर लढून आलेला, कमी बोलणारा, लग्न न केलेला माणूस. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ कॉय अजून दुधाच्या दातांचा होता. त्याला पोहायला हॉलिसने शिकवलं, गाडी चालवायला हॉलिसने शिकवलं, पहिल्यांदा दाढी करताना गाल कापला तेव्हा त्यावर कागदाचा कपटाही हॉलिसनेच चिकटवला. त्यांची आई ओला म्हणायची, कॉयला जन्म मी दिला, पण मुलगा तो हॉलिसचा.

कॉय आता चोवीस वर्षांचा झाला होता. गावोगाव सोड्याच्या बाटल्यांची गाडी फिरवायचा आणि जिथे जाईल तिथे लोकांना हसवायचा. देखणा, तोंडाळ, आळशी. त्याच्यावर रागावणं कुणाला जमायचं नाही. रोज सकाळी तो डोनट आणि कॉफी घेऊन फाटकावर यायचा, सगळ्यांना वाटायचा, आणि मग हॉलिससमोर येऊन छाती बंदुकीच्या नळीला टेकवायचा. म्हणायचा, “मार दादा. फार दिवस राहिलंय तुझ्या मनात.” हॉलिस चेहरा न हलवता तोंडाने ‘ठो’ करायचा. की हा छाती धरून, डोळे फिरवून, धाडकन मातीत पडायचा. गर्दी खो खो हसायची. हॉलिसलाही हसू यायचं. भावाभावांचा खेळ तो, लाकडी बंदुकीच्या दिवसांपासूनचा. सगळं गाव तो पाहायला थांबायचं, आणि त्याच वेळी व्हर्लीन मान खाली घालून परत जात असायची.

एके दिवशी शिकागोहून एक काळा वार्ताहर आला. चांगला सूट घातलेला, गळ्यात कॅमेरा. त्याने व्हर्लीनचा फोटो काढला मात्र, मागून कुणीतरी त्याच्या मानेवर विटेचा तुकडा मारला. तो गुडघ्यावर आला. मग माणसं त्याच्यावर अशी तुटून पडली की विचारू नका. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने त्याला ओढत नेलं, बरगड्यांत लाथा घातल्या, बोटांवर टाचा फिरवल्या. कॉयनेही दोन लाथा हाणून घेतल्या. हे सगळं हॉलिसच्या बंदुकीच्या टोकापासून हाताच्या अंतरावर झालं. तो माणूस हॉलिसकडे पाहत होता, ओरडत नव्हता, नुसता पाहत होता. हॉलिसला हुकूम फक्त मुलीला अडवायचा होता. तो हलला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना कॉयने बुटाचं टोक दाखवलं, रक्ताने काळं झालेलं. ओला म्हणाली की शाळेपुढे मारामारी शोभत नाही, आणि त्याच्या ताटात आणखी शेंगा वाढल्या. कॉय वार्ताहराची नक्कल करू लागला. हॉलिसने ताट बाजूला सारलं. काळ्या मुलीने गोऱ्यांच्या शाळेत बसावं असं काही त्याला वाटत नव्हतं, उगाच त्याला संत करण्यात अर्थ नाही. पण हातात बंदूक असून तो खांबासारखा उभा राहिला होता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. हे भावाला सांगावं असं त्याच्या मनात आलं आणि त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळ्यांना शस्त्रागारात बोलावलं. आमचं शस्त्रागार म्हणजे गावाचा दिवाणखानाच, लग्नंही तिथे आणि मासे तळायची जेवणंही तिथेच. कॅप्टन लॅथम, म्हणजे एरवीचे बँकेचे खजिनदार, हातात कागद घेऊन उभे होते आणि त्यांचा आवाज घोगरा झाला होता. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती. त्या एका सहीने गार्ड गव्हर्नरच्या हातातून काढून घेतला होता. माणसं तीच, बूट तेच, बंदुका त्याच. फक्त मालक बदलला होता. आजपासून आपण देशाचे सैनिक आहोत, कॅप्टन म्हणाले, आणि उद्या त्या मुलीला आत न्यायचं आहे.

 मग पोस्टातल्या डार्नेलने खरोखरच न समजून विचारलं, “मग उद्या तोंड कुठल्या बाजूला करायचं?”

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न तोच होता. इतके दिवस ते शाळेकडे येणाऱ्या मुलीला अडवून आणि गावाला पाठीशी घेऊन उभे होते. आता मुलगी पाठीशी आणि गाव पुढे. उत्तर बाहेरून आलेल्या मेजर रेनिकने दिलं. हा मेजर उत्तरेकडचा, शिस्तीचा आणि आम्हा सगळ्यांना गाढव समजणारा. त्याने सांगितलं की तोंड गर्दीकडे. गोळ्या फक्त सार्जंट लोकांना मिळतील, आणि माझ्या हुकुमाशिवाय कुणी झाडायची नाही. कुणाची बंदूक भरलेली आहे हे बाहेर कळता कामा नये. म्हणून आज कुणी घरी जायचं नाही, इथेच खाटा टाकल्यात.

मेजरचा हिशेब त्याच्या परीने बरोबर होता. पण टॉलिव्हरमध्ये माणसं एकमेकांना घरी गेल्यावर गोष्टी सांगतात आणि गाव त्यावर चालतं, हे त्याला कोण सांगणार? त्या एका दिवशी आमची माणसं घरी गेली नाहीत. म्हणून सकाळी सबंध गाव कालचीच माहिती घेऊन फाटकावर आलं.

व्हर्लीनला लष्कराच्या जीपने आणलं. ती उतरली आणि तिला हॉलिस दिसला. तिने त्याच्या छातीवरची नावाची पट्टी पाहिली, मग बंदूक पाहिली.

“ही कालचीच बंदूक का?” तिने विचारलं.

“कालचीच,” हॉलिस म्हणाला.

“आणि माणूसही कालचाच?”

हॉलिसने तिच्याकडे पाठ केली. त्याने तिला सांगितलं की माझ्या पाठीला पाठ लावून चाल, इकडे तिकडे बघू नकोस आणि पळू नकोस. ती म्हणाली, “मी इतके दिवस कधी पळाले, साहेब?” त्या ‘साहेब’मध्ये आदर नखभरही नव्हता.

गर्दीला आधी उमगलंच नाही. बायका थर्मास घेऊन पुढे आल्या. कुणीतरी डार्नेलला हाक मारून विचारलं की आज उलटे का उभे आहात, झोपेत आहात की काय? मग फाटक उघडलं आणि मुलगी आत पाऊल टाकताना दिसली, तेव्हा जो आवाज निघाला तो माणसांचा वाटत नव्हता. एका बाईने गरम कॉफी डार्नेलच्या तोंडावर फेकली. ती त्याची सख्खी मावशी होती. लगेच बाटल्या सुरू झाल्या. कॉयची सोड्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभीच होती. त्यावरची रिकाम्या बाटल्यांची खोकी खाली ओढून लोक हातोहात बाटल्या पुढे देत होते. पेट्रोलपंपावरच्या कॉर्पोरल वीव्हरच्या डोळ्यावर एक फुटली. त्याने दोन्ही हातांनी डोळा धरला आणि बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी ओघळलं. कधी काळी आपल्याला अंकगणित शिकवणारे म्हातारे मास्तर काठी घेऊन येत आहेत, हे एका गार्डने पाहिलं आणि तरीही बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर हाणला. मास्तर दात थुंकत खाली बसले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि सगळे सगळ्यांना ओळखत होते.

हॉलिस मुलीला पाठीशी घेऊन शाळेच्या पायऱ्यांकडे मागे मागे सरकत होता. एक दगड त्याच्या शिरस्त्राणावर आपटला. दुसरा व्हर्लीनच्या खांद्यावर बसला, तिची पुस्तकं सांडली. ती उचलायला वाकली तर हॉलिसने ओरडून सांगितलं की राहू दे. ओळ एका ठिकाणी फुटली आणि त्या फटीतून कॉय आत आला.

तो हसत होता. नंतर गावात पुष्कळ जण म्हणाले की तो हसत होता, म्हणजे त्याच्या मनात वाईट नव्हतं. हॉलिसने ते हसू लहानपणापासून पाहिलेलं होतं. वार्ताहराला लाथा घालतानाही ते त्याच्या तोंडावर होतं. त्याच्या उजव्या हातात गाडीची चाकं काढायचा लोखंडी पाना होता.

“बाजूला हो दादा,” कॉय म्हणाला. “एकच देतो तिला. उद्यापासून येणार नाही बघ.”

“मागे जा. कॉय, ही भरलेली आहे.”

“हो तर,” कॉय म्हणाला. त्याने डाव्या हाताने नळी धरली, रोजच्यासारखी छातीला टेकवली आणि थांबला. त्या गोंधळातही तो ‘ठो’ची वाट पाहत होता. हॉलिसने ‘ठो’ केलं नाही. तो पुन्हा म्हणाला की भरलेली आहे, आईशपथ भरलेली आहे. पण इतक्या वर्षांत त्याने धाकट्याला इतक्या वेळा खोटं घाबरवलं होतं की कॉयने नुसता डोळा मिचकावला. मग नळी बाजूला ढकलून तो हॉलिसच्या बगलेखालून घुसला आणि त्याने पाना व्हर्लीनच्या तोंडावर मारला.

हाड मोडल्याचा आवाज हॉलिसला ओळखीचा होता. रोज तो ऐकायचा, दुकानात, लाकडी ठोकळ्यावर. मुलगी पायऱ्यांवर आडवी पडली. तिचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि ती हातांनी पायरी चाचपत वर चढायला बघत होती, शाळेच्या दाराकडे. कॉयने पाय फाकून तोल सावरला. दोन्ही हातांनी पाना डोक्याच्या वर उचलला.

हॉलिसने बंदूक फिरवली. भाऊ कोण हे त्याला दिसत होतं, त्याच्या कानामागचा तीळ दिसत होता. मेजरचा हुकूम आला नव्हता. त्याने चाप ओढला.

कॉय धाडकन पडला, छाती धरून. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण गर्दीच्या मागच्या भागात दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, झाला रोजचा खेळ. मग त्यांना रक्त दिसलं. बाटल्या फेकणारे हात तसेच वर राहिले. हॉलिस गुडघे टेकून बसला आणि त्याने भावाच्या छातीवरच्या भोकावर हात दाबून धरला, जसा काही तो जोर लावून ते बुजवणार होता. कॉयच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्य होतं. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून फेस आला.

संध्याकाळपर्यंत तो लोखंडी पाना कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी उचलला हे विचारायची सोयही नव्हती. दोन दिवसांत गावाची गोष्ट तयार झाली. कॉयच्या हातात डोनट होता. मुलगी घाबरून पळाली आणि पायऱ्यांवर पडून तिचा जबडा मोडला. बिचारा कॉय तिला उठवायला गेला असेल कदाचित, असंही कुणी म्हणालं. खोटं बोलावं तर रेटून, ही म्हण कुणी आमच्याकडून शिकावी.

राहता राहिला प्रश्न गोळीचा. मृत्यूची चौकशी होणार होती, आणि तिथे काय सांगायचं यावर दोन पक्ष होते. गव्हर्नरच्या कचेरीतून करड्या सुटातला एक गृहस्थ येऊन हॉलिसला भेटला आणि गोड बोलून गेला. त्याचं म्हणणं की गोळी झाडायचा हुकूम वॉशिंग्टनहून होता एवढंच सांग, तुझ्या हातांनी राष्ट्राध्यक्षाने तुझा भाऊ मारला, तुझा काय दोष? सबंध राज्य तुझ्या मागे उभं राहील. दुसरीकडे कॅप्टन लॅथम मेजरचा निरोप घेऊन आले. त्यांचं म्हणणं की कॉयने नळी ओढली आणि बंदूक उडाली. नळी धरली होती हे तर शंभर जणांनी पाहिलंय. “तुझ्या आईसाठी तरी असं सांग,” कॅप्टन म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की हॉलिसने काहीच केलेलं नाही.

तिसरा माणूस दुकानाच्या मागच्या दाराशी आला. काळी गिऱ्हाइकं मागच्या दारानेच यायची, आणि ते दार हॉलिसच्या ठोकळ्यापाशीच उघडायचं. गेदर टोपी हातात धरून उभा राहिला. काय देऊ, असं हॉलिसने सवयीने विचारलं. गेदर म्हणाला, काही नको. पोरीचा जबडा तारेने बांधलाय, एका कानाने ऐकू येत नाही. चौकशीत तिला कुणी बोलावलेलं नाही आणि मला तर दारातही घेणार नाहीत.

“तुमचा भाऊ गेला, त्याचं मला वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही,” तो म्हणाला. “खोटं होईल ते. पण माझी पोरगी पडली नाही, सार्जंटसाहेब. ती कधीच पडली नाही. तेवढं तिथे सांगा.”

हॉलिसने सुरी पुसली आणि पुन्हा पुसली. गेदर उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

ओलाने या दिवसांत मुलाला एक शब्दही विचारला नव्हता. कॉयची खोली तिने झाडली, त्याची अंथरुणं धुतली, आणि हॉलिसचं जेवण वेळेवर समोर ठेवलं. चौकशीच्या सकाळी ती त्याचा शर्ट इस्त्री करत होती. पाठमोरी राहूनच तिने बोलायला सुरुवात केली.

“पेटिग्रू विचारेल तेव्हा नीट सांग. बंदूक ओढली म्हणून उडाली म्हण. नाहीतर वॉशिंग्टनचा हुकूम होता म्हण. दोन्हीतलं कुठलंही मला चालेल.”

“आई.”

“तिसरं काही असेल तर ते मला ऐकवू नकोस. मला उरलेलं आयुष्य याच घरात काढायचंय, आणि तुझ्याच कमाईचं खाऊन.”

तिने शर्ट त्याच्या हातात दिला. कॉलर अजून गरम होती. हॉलिसला तेव्हा असं फार वाटलं की आपण खोटं बोलावं. पण दोन्ही गोष्टींत मुलगी आपोआप पडत होती, ती कशी उभी करायची ते त्याला कळत नव्हतं. बंदूक चुकून उडाली, तर कॉय खेळत होता. हुकूम होता, तरीही कॉय खेळतच होता. मग तिचा जबडा पायरीने मोडला.

अपमृत्यूची चौकशी न्यायालयाच्या इमारतीत होती. चौकशी करणारा अधिकारी म्हणजे मिस्टर पेटिग्रू. त्याचं फर्निचरचं दुकान, आणि गावातल्या शवपेट्याही तिथेच मिळायच्या. कॉयची पेटीही त्यानेच दिलेली. पंच म्हणून गावातले सहा जण बाकावर बसलेले, त्यातले दोघे त्या दिवशी बाटल्या फेकत होते. एक मास्तर, तोंड सुजलेलं. पुढच्या रांगेत ओला, काळ्या टोपीत. तिच्या एका बाजूला करडा सूटवाला, दुसऱ्या बाजूला कॅप्टन लॅथम. म्हातारीला दोघांनी दोन्हीकडून धरल्यासारखं दिसत होतं.

पेटिग्रू चांगला माणूस होता आणि त्याला हे लवकर संपवायचं होतं. त्याने प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं. म्हणाला, सार्जंट, मयताने तुमच्या बंदुकीची नळी धरली आणि बंदूक उडाली, बरोबर ना?

“नळी धरली. मग सोडली,” हॉलिस म्हणाला. “उडाली त्यानंतर.”

लोक हलले. करड्या सुटातला माणूस पुढे झुकला. पेटिग्रूने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला. मग गोळी झाडायचा हुकूम वरून होता का?

“नाही. हुकूम झाडू नका असा होता.”

“म्हणजे कुणाचाच हुकूम नव्हता?”

“गव्हर्नरचा नव्हता आणि राष्ट्राध्यक्षाचाही नव्हता. कॉयने गाडीच्या पान्याने त्या मुलीचा जबडा फोडला. ती पडली नाही, त्याने तिला पाडलं. ती खाली असताना त्याने पुन्हा पाना उचलला, डोक्यावर घालायला. मी त्याला ओळखून गोळी घातली. चुकून नाही.”

मागून कुणीतरी त्याला आईवरून शिवी दिली आणि त्याच क्षणी लक्षात आलं की ती आई पुढेच बसलीय. एका पंचाने उठून हॉलिसच्या तोंडावर ठोसा मारला. हॉलिसने हात वर केला नाही, म्हणून त्याने दुसरा मारला. खुर्ची मोडली. दोन शिपायांनी त्या पंचाला ओढून परत पंचांच्या बाकावर नेऊन बसवलं, जसं काही न्यायाचं कामकाज नीट चाललं होतं. पंचांनी निकाल दिला तो अपघाती मृत्यूचाच. हॉलिसचं बोलणं भ्रमिष्टाचं म्हणून सोडून दिलं. पण ते दाराशी उभ्या असलेल्या परगावच्या वार्ताहरांनी लिहून घेतलं होतं, आणि काळ्या वस्तीत ते हॉलिस पायऱ्या उतरायच्या आत पोचलं होतं.

गर्दीने त्याला गाडीपर्यंत वाट दिली. मारलं नाही, वाट दिली, आणि दोन्ही बाजूंनी थुंकत राहिली. ओला आधीच गाडीत जाऊन बसली होती. तिला घरी न्यायला दुसरं कुणी नव्हतं. अशी कामं कॉय करायचा.

गाडी गावाबाहेर पडली. हॉलिसच्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं आणि तो ते बाहीने टिपत होता. कापसाच्या शेतांपाशी आल्यावर ओला म्हणाली, “दुसऱ्यांदा उचलला होता त्याने? खरंच?”

“हो आई.”

“पोरगी खाली पडलेली असताना?”

“हो.”

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. घराच्या वळणावर गाडी आली तेव्हा ती पुन्हा बोलू लागली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की जणू ती दुकानातून काय आणायचं ते सांगतेय.

“त्या राष्ट्राध्यक्षाला मी मरेपर्यंत शिव्या दिल्या असत्या. रोज सकाळी उठून दिल्या असत्या. कुठलाही चालला असता मला, हा गेला की पुढचा. तू तेवढंही ठेवलं नाहीस माझ्यासाठी. आता शिव्या द्यायच्या तर दोघंही माझेच.”

हॉलिसने गाडी अंगणात उभी केली. तो उतरून तिच्या बाजूला गेला आणि दार उघडून धरलं. ती बराच वेळ उतरली नाही.